पुस्तक जुने आहे. पण छपाई कोणती?

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांतले कोणी ना कोणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेले असते. तिथला संसार आवरून ती माणसे परत आली, की काही खोकी इकडे येतात आणि माळ्यावर चढतात. पुढे दांडिया बाजारातला किंवा रावपुऱ्यातला जुना वाडा बिल्डरकडे जायची वेळ आली म्हणजे तीच खोकी खाली उतरतात आणि त्यांतून स्वयंपाकाची पुस्तके, अभियांत्रिकीचे जाडजूड ग्रंथ आणि मुलांच्या शाळकरी वयातली काही चमत्कारिक पुस्तके निघतात. मुखपृष्ठावर ड्रॅगन, आत भुयारांचे फिकट निळे नकाशे, पानोपानी आकड्यांचे तक्ते आणि सोबत वीस बाजूंचा एक प्लास्टिकचा फासा. पस्तीवाला ती किलोच्या भावाने न्यायला तयार असतो. तेवढ्यात घरातला एखादा तरुण मोबाइलवर शोधून जाहीर करतो, की यातल्या एका पुस्तकाला लाख रुपये येतात. गेल्या काही वर्षांत असा प्रसंग मी तीन घरांत पाहिला आणि तिन्ही वेळा पस्तीवाला आणि तो तरुण दोघेही चुकले होते. ते का चुकले, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी ही पुस्तके कशाची, ते पाहू. रोल-प्लेइंग गेम हा एका टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारे आपले पात्र काय करील ते सांगतात आणि निकाल फाशांवर लागतो. सारीपाटासारखा पट लागत नाही, पण नियम मात्र भरपूर लागतात आणि ते पुस्तकांत छापलेले असतात. या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून, टीएसआर नावाच्या नवख्या कंपनीने, १९७४ साली बाजारात आणला. तीन पातळ पुस्तिका आणि काही सुटी पाने घातलेली एक पेटी, किंमत १० डॉलर, प्रती १०००. पेट्या घरीच हाताने भरल्या जात आणि त्यांवर लेबले हातानेच चिकटवली जात. या हजार प्रती खपायला वर्षाच्या आतबाहेर वेळ लागला. त्यानंतर मागणी अशी वाढली, की दहा वर्षांत हा खेळ खेळण्यांच्या मोठ्या दुकानांत जाऊन बसला.

किमतीचे सगळे रहस्य या वाढीत आहे. पहिल्या हजारातली प्रत आणि १९८०नंतर लाखांच्या संख्येने छापलेली प्रत या दोघींवर नाव एकच असते. सामान्य माणूस नाव वाचतो आणि संग्राहक छपाई वाचतो.

मराठी वाचकाची इथे एक खास अडचण होते आणि तिला आपले प्रकाशक जबाबदार आहेत. आपल्याकडे मजकुरात एका अक्षराचा बदल न करता पुस्तक पुन्हा छापले, तरी आत ‘पाचवी आवृत्ती’ असे दिमाखात लिहिण्याची रीत आहे. खरे तर आवृत्ती बदलली म्हणजे मजकूर किंवा रचना बदलली, आणि नुसते पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण. एका आवृत्तीच्या दहा छपाया असू शकतात आणि जगभरचे संग्राहक पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईला सर्वांत जास्त पैसे देतात. हा घोटाळा फक्त आपणच करतो असेही नाही. टीएसआरने १९७७च्या अखेरीस ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हे खेळातल्या भुताखेतांच्या यादीचे पुठ्ठाबांधणीचे जाड पुस्तक काढले. त्याच्या एका नंतरच्या छपाईवर त्यांनी स्वतःच ‘चौथी आवृत्ती, ऑगस्ट १९७९’ असे छापले आहे, आणि ती केवळ एक छपाई आहे. म्हणजे पुस्तकावर जे लिहिले आहे तेही समजून वाचावे लागते.

मग छपाई ओळखायची कशी? शीर्षकपानाच्या मागचे पान उघडावे. तिथे स्वामित्वहक्काचे साल असते आणि बहुतेक लोक त्या सालावरच विसंबतात. ते साल मजकुराचे असते, त्या प्रतीचे नसते. मॉन्स्टर मॅन्युअल १९८३पासून नव्या चित्राच्या मुखपृष्ठासह आणि नारिंगी कण्याने निघू लागले. त्या प्रतींतही स्वामित्वहक्काचे साल १९७७च आहे. अशी नारिंगी कण्याची प्रत ‘१९७७ची दुर्मीळ प्रत’ म्हणून विकायला काढलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. काही विक्रेते अजाणतेपणी तसे लिहितात, काही अजिबात अजाण नसतात. सालाच्या खाली छपाईचा क्रमांक आणि महिना दिला असेल, तर तो खरा पुरावा. अलीकडच्या पुस्तकांत एकापासून दहापर्यंत आकड्यांची ओळ असते आणि तिच्यातला सर्वांत लहान उरलेला आकडा छपाईचा क्रमांक सांगतो. दोन्ही नसेल तर प्रकाशकाचे बोधचिन्ह, पत्ता, मागच्या पानावरील इतर पुस्तकांची जाहिरात आणि किंमत यांवरून काळ ठरवावा लागतो. टीएसआरचे बोधचिन्ह अनेकदा बदलले. सुरुवातीला गायगॅक्स आणि त्यांचे भागीदार डॉन के यांची आद्याक्षरे, मग सरड्यासारखा मनुष्य, मग टोपीवाला जादूगार, त्यानंतर निव्वळ अक्षरे. त्यामुळे चिन्ह पाहून दोन-तीन वर्षांच्या अंतरात प्रत बसवता येते.

मजकुरातही खुणा असतात, आणि ही पद्धत बडोद्याच्या माणसाला परकी वाटू नये. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. त्यासाठी वेगवेगळ्या प्रांतांतल्या आणि लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून पंडित श्लोकाश्लोकातले पाठभेद नोंदत असत, कारण कोणत्या पोथीत काय आहे आणि काय नाही, यावरून तिचे कूळ कळते. जुन्या खेळपुस्तकांचे संग्राहक हेच काम करतात, फक्त रामायणाच्या जागी त्यांच्यापुढे भुताखेतांची यादी असते. पहिल्या पेटीतल्या पुस्तिकांत टॉल्किन यांच्या कथांतले हॉबिट, एंट आणि बॅलरॉग सरळ नावानिशी आलेले होते. १९७७च्या सुमारास त्या नावांचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतला, आणि नंतरच्या छपाईत हॉबिटचा हाफलिंग झाला, एंटचा ट्रीअंट झाला आणि बॅलरॉग बाहेर पडला. तेव्हा पुस्तिका उघडून हॉबिट हा शब्द सापडतो का, एवढे पाहिले तरी ती प्रत आक्षेपाच्या आधीची की नंतरची, ते कळते.

त्याच पेटीचा आणखी एक सापळा आहे. पहिल्या तीन छपायांची पेटी लाकडाच्या रेषा छापलेल्या तपकिरी कागदाची होती. त्यानंतर ती पांढरी झाली. पांढऱ्या पेट्यांपैकी शेवटच्या शेवटच्या छपाईवर ‘मूळ संग्राहक आवृत्ती’ अशा अर्थाचे ठळक शब्द आहेत. ते वाचून हरखून जाणारा माणूस नेमका सर्वांत उशिराची, म्हणजे सर्वांत स्वस्त, पेटी हातात धरून बसलेला असतो. प्रकाशकाने स्वतः ‘मूळ’ हा शब्द छापायला घेतला, म्हणजे मूळ काळ संपला होता असे खुशाल समजावे. तपकिरी पेटीच्या पहिल्या छपाईला हजारो डॉलर मिळतात. ‘मूळ’ म्हणवणाऱ्या पांढऱ्या पेटीलाही पैसे मिळतात, पण दोघींच्या किमतींत अनेक पटींचा फरक असतो. २०१३ साली नव्या मालकांनी काढलेली लाकडी पेटीतली देखणी प्रतिकृती तर निराळीच वस्तू आहे. ती स्वतःच आता संग्राह्य झाली आहे, हा भाग वेगळा.

आता माझी फसगत सांगतो, कारण तिच्यात दुसरा मोठा मुद्दा आहे. १९८० साली टीएसआरने ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचे पुस्तक काढले. जगातल्या निरनिराळ्या दैवतमंडळांतल्या देवांना त्यात खेळासाठी आकडे दिले आहेत. एक प्रकरण भारताचेही आहे आणि त्यात इंद्र, अग्नी, वरुण, उषा, विष्णू, काली ही मंडळी आहेत. प्रत्येकाला किती मार सोसता येईल याचा हिशेब दिलेला पाहून आपल्याला हसावे की रागवावे ते कळत नाही. मी दोन्ही केले आहे. पण या पुस्तकाचा भाव भारताच्या प्रकरणामुळे वाढत नाही. सुरुवातीच्या छपाईत अमेरिकी भयकथांतले क्थुलू मंडळ आणि इंग्रजी कादंबऱ्यांतले मेल्निबोने मंडळ अशी दोन प्रकरणे होती. ती घालण्याचा हक्क दुसऱ्या एका खेळकंपनीशी गुंतलेला निघाला, आणि पुढच्या छपाईत ती दोन्ही काढून टाकली. त्यामुळे आधीचे पुस्तक १४४ पानांचे आहे आणि नंतरचे १२८ पानांचे, मुखपृष्ठ मात्र तेच. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मुखपृष्ठाचे छायाचित्र पाहून १४४ पानांच्या प्रतीचे पैसे मोजले आणि घरी १२८ पाने आली. विक्रेत्याने पानांची संख्या कुठे लिहिलीच नव्हती आणि मी विचारली नव्हती. शेवटचे पान उघडून त्याचे एक छायाचित्र पाठवा, एवढे म्हटले असते तर काम झाले असते.

याच पुस्तकावरून दुर्मिळता आणि मागणी यांतला फरकही दिसतो. १४४ पानांच्या प्रती अजिबात दुर्मीळ नाहीत. त्या नेहमी विकायला असतात. त्यांचा भाव चढा राहतो तो ‘काढून टाकलेली प्रकरणे’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक असल्यामुळे. खरी दुर्मिळता पाहायची तर १९८१चे ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हे जीन वेल्स यांनी लिहिलेले साहसपुस्तक पाहावे. ते नारिंगी मुखपृष्ठात छापून तयार झाले, आतल्या काही चित्रांवर कंपनीच्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला आणि जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. पुढे टॉम मोल्डवे यांनी मजकूर बदलून लिहिला आणि तेच नाव हिरव्या मुखपृष्ठात निघाले. हिरवे पुस्तक सहज मिळते. नारिंगीच्या प्रती जगात मोजक्या उरल्या आहेत. नाव, क्रमांक, साल सगळे सारखे, वरवर दिसणारा फरक मुखपृष्ठाच्या रंगाचा.

याउलट, फार जुने असूनही भाव नसलेली पुस्तकेही आहेत, आणि आपल्याकडे तीच जास्त सापडतात. ऐंशीच्या दशकात इंग्रजी शाळांतल्या मुलांपर्यंत पोचलेली ‘फायटिंग फँटसी’ मालिका पफिन या प्रकाशनाने काढली होती. एकट्याने खेळायची पुस्तके, चारशेच्या आसपास क्रमांकित परिच्छेद, दोन फासे आणि पेन्सिल एवढे साहित्य. मालिकेतले पहिले पुस्तक स्टीव्ह जॅक्सन आणि इअन लिव्हिंग्स्टन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’. ते १९८२ साली आले आणि इतके खपले, की पुनर्मुद्रित प्रतीला आज चहा-खारीइतकेच पैसे येतील. पण त्याच मालिकेतला पफिनने काढलेला शेवटचा, ५९ क्रमांकाचा भाग १९९५ साली निघाला तेव्हा वाचक संगणकाच्या खेळांकडे गेले होते आणि प्रती थोड्याच छापल्या गेल्या. त्यामुळे तेरा वर्षांनी लहान असलेला शेवटचा भाग पहिल्या भागाच्या बहुतेक प्रतींपेक्षा कितीतरी महाग आहे. पुस्तकांच्या ढिगात पफिनचे कणे दिसले, तर नजर आधी पन्नाशीच्या पुढच्या क्रमांकांवर न्यावी.

छपाई ठरली की पुढचा प्रश्न संपूर्णतेचा. खेळाची पुस्तके कादंबरीसारखी एकसंध नसतात. त्या काळच्या साहसपुस्तकांना टीएसआरमध्ये मॉड्यूल म्हणत. त्यांचे जाड मुखपृष्ठ पुस्तिकेला टाचलेले नसून सुटे असे आणि नकाशा त्याच्याच आतल्या बाजूला छापलेला असे. मुखपृष्ठ हरवले तर नकाशाही गेला. ‘टूम ऑफ हॉरर्स’ या १९७८च्या मॉड्यूलमध्ये चित्रांची दुसरी पुस्तिका असते. ती नसेल तर उरलेली पुस्तिका कितीही स्वच्छ असली तरी अपुरी. पेटीतल्या संचांत आणखी गुंतागुंत होते, कारण आतला ऐवज दरवर्षी बदलत असे. १९७७च्या बेसिक, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, संचात पुढे १९७९च्या सुमारास फाशांचा इतका तुटवडा पडला, की फाशांऐवजी कापून घ्यायचे अंक छापलेले पुठ्ठे आणि फाशांचे कूपन घातले गेले. तेव्हा त्या काळच्या पेटीत फासे सापडणे हेच उलट संशयास्पद ठरू शकते. १९८१च्या संचात फाशांसोबत मेणाचा खडू येई, कारण फाशांवरचे अंक कोरलेले असत आणि त्यांत रंग आपणच भरायचा असे. चाळीस वर्षांनी तो खडू जागेवर असलेली पेटी पाहिली, की संग्राहकाचा चेहरा उजळतो. फासे मऊ प्लास्टिकचे असल्याने कोपरे झिजून गोटीसारखे झालेले आढळतात. ते खोटे समजून फेकू नयेत, ते बहुधा अस्सल असतात.

स्थितीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शब्द सोपे आहेत आणि मानणे अवघड आहे. इंग्रजीत विक्रेते पायऱ्या लावतात: कोरे, जवळजवळ कोरे, उत्तम, फार चांगले, चांगले, खराब. यातले ‘चांगले’ म्हणजे चांगले नव्हे. कणा सैल, कोपरे मुडपलेले, कुणाचे तरी नाव घातलेले, पण सगळी पाने आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आपण घरच्या पुस्तकाला सहज दोन पायऱ्या वर चढवतो, आणि आपल्याकडे काही दोष तर मायेपोटी केलेले असतात. पुस्तकाला खाकी कव्हर घालून कडा डिंकाने चिकटवणे, पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहिणे, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे, हे सगळे भाव उतरवते, आणि चिकटपट्टी सर्वांत जास्त, कारण तिचा डिंक कागदात मुरून पिवळा पट्टा पाडतो आणि तो निघत नाही. खेळपुस्तकांचा खास दोष म्हणजे पेन्सिलीच्या खुणा: राक्षसाला किती मार बसला ते सूत्रधार पुस्तकातच खोडत जात असे. राक्षस म्हणतो आहे तो खराच. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस याच नावाची नोंद आहे आणि डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी त्याला वाघाचे तोंड, अंगात झगा आणि हातात पाइप असा थाटात बसवला आहे. शेव-उसळीचा तेलकट डाग मी याच पानावर पाहिला आहे, म्हणजे ती प्रत बडोद्यात खेळली गेली होती एवढे नक्की. त्या डागाने भाव अर्ध्यावर आला, तरी मला ती प्रत आवडते. एक अपवादही ध्यानात ठेवावा: १९८५चे ‘अनअर्थ्ड आर्केना’ हे पुस्तक बांधणी इतकी कच्ची घेऊन आले, की पाने सुटणे हीच त्याची सर्वसाधारण स्थिती आहे. त्याची बांधणी शाबूत असलेली प्रत आढळली, तर इतर पुस्तकांपेक्षा तिला त्या शाबूतपणाचे जास्त पैसे मिळतात.

आता किंमत. विक्रेत्याने मागितलेली किंमत ही त्याची इच्छा असते. कोणीतरी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम हाच पुरावा. घरातला तरुण जो लाखाचा आकडा वाचून दाखवतो तो जवळजवळ नेहमी मागणीचा असतो, आणि ते पुस्तक तीन वर्षे त्याच किमतीला पडून असते. म्हणून लिलावाच्या संकेतस्थळांवर विक्री पूर्ण झालेल्या नोंदी वेगळ्या काढून पाहाव्यात. त्याही एक-दोन पाहून भागत नाही. समजा, तुमच्याच छपाईच्या आणि साधारण तुमच्याच स्थितीच्या सहा प्रती गेल्या वर्षभरात ४०, ५५, ६०, ६२, ७० आणि २१० डॉलरला गेल्या. सरासरी काढली तर ती ८३ डॉलरच्या जवळ येते, पण सहापैकी पाच ग्राहकांनी तेवढे दिलेले नाहीत. २१० देणाऱ्याला बहुधा लेखकाची स्वाक्षरी असलेली प्रत मिळाली असेल किंवा लिलावात दोघे इरेला पेटले असतील. अशा वेळी मधल्या दोन आकड्यांचा मध्य घ्यावा. तो इथे ६१ येतो, आणि बोलणी त्याच्या आसपास व्हावीत.

हे ६१ डॉलर म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर ५१८५ रुपये होतात; विक्रीच्या संकेतस्थळाने १५ टक्के कापले तर ४४०७ उरतात; त्यातून पुठ्ठा, बुडबुड्यांचे प्लास्टिक आणि परदेशी टपालाचा जो भाग ग्राहक देणार नाही, तो वजा करायचा. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा दिले, तर तो सहसा बाजारभावाच्या अर्ध्याहूनही कमी देतो. त्यात फसवणूक नाही, कारण त्यालाही ती एकेक करून विकायची असतात आणि काही कधीच विकली जात नाहीत. म्हणजे एकाच पुस्तकाला तीन किमती असतात: व्यापारी देईल ती, ग्राहक थेट देईल ती आणि हरवल्यास तसेच दुसरे मिळवायला लागेल ती. विमा उतरवताना तिसरी सांगावी, वाटणी करताना पहिली धरावी. भाऊबंदांत भांडणे होतात ती बहुधा एकाने पहिली आणि दुसऱ्याने तिसरी धरल्यामुळे.

विकत घेणाऱ्याचा हिशेब उलट्या दिशेने चालतो. परदेशातून मागवताना टपालखर्च अनेकदा पुस्तकाच्या किमतीइतका होतो. २०१९च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क लावण्यात आले. शिवाय पेटीत फासे आणि सोंगट्या असतील, तर सीमाशुल्क खाते ती वस्तू पुस्तक मानील की खेळ, यावर आकारणी बदलू शकते. म्हणून पेटी मागवण्याआधी हा खर्च गृहीत धरूनच बोली लावावी. आपल्याकडची पुस्तके बाहेर पाठवायला ‘पुरावस्तू’ म्हणून अडथळा येईल का, असे मला एकदा विचारले गेले. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूसाठी शंभर वर्षांची आणि हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. १९८०च्या छापील पुस्तकाला ती लागू होत नाही.

नकली प्रतींची भीती फक्त वरच्या किमतींत असते; दोन हजारांच्या पुस्तकाची नक्कल करणे कोणाला परवडत नाही. पातळ पुस्तिकांची नक्कल सोपी असते, म्हणून तिथे दहापट मोठे दिसणारे भिंग घेऊन बसावे. त्या काळी ऑफसेट छपाई होती. तिच्यात अक्षरांच्या कडा सपाट आणि ठाम असतात आणि करड्या चित्रांत एका रांगेत बसलेले ठिपके दिसतात. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटरची शाई कागदावर चकाकत बसते आणि अक्षराभोवती काळी धूळ उडालेली दिसते. टाचण्याही पाहाव्यात: चाळीस वर्षे आपल्या पावसाळ्यात राहिलेल्या पुस्तिकेची टाचणी लखलखीत असेल, तर कोणीतरी ती बदलली आहे. पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद असलेल्या प्रतीला कोरेपणाचे जादा पैसे मागतात, पण तसे प्लास्टिक आजही चढवता येते, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर मी एक रुपया जास्त देत नाही.

राहिली जपणूक, आणि या बाबतीत बडोद्याची परंपरा आणि बडोद्याची हवा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले; तिथल्या पोलादी मांडण्या आणि उजेड खाली जाऊ देणाऱ्या काचेच्या फरशा अजून पाहायला मिळतात. कपाट भिंतीला टेकवू नये आणि पुस्तकाभोवती हवा खेळावी, हे तत्त्व त्या मांडण्यांत दिसते. घरी तेवढे जमत नसले तरी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढता येते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरू लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापराव्यात. कसर आणि वाळवी यांसाठी आजीच्या पोथ्यांत असायचे तसे वेखंड कापडी पुरचुंडीत बांधून फळीवर ठेवायला हरकत नाही, पण कडुनिंबाचा पाला पानांत घालू नये. तो तपकिरी डाग पाडतो. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या फाशांना चिकटून फासे वितळवतात, म्हणून पेटीत त्या कधीच नकोत. जिवंत कसर दिसली तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, म्हणजे बाष्प पिशवीवर धरते, कागदावर नाही.

आणि खोकी तळमजल्यावर ठेवू नयेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरातली दोन खोकी रात्रभर पाण्यात होती. भिजलेली पुस्तके उन्हात उघडून ठेवली, तेव्हा चकचकीत पाने एकमेकांना कायमची चिकटली. ओली पुस्तके लगेच वाळवता येत नसतील, तर ती मेणकागदात गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये टाकावीत आणि नंतर सवडीने एकेक काढून पंख्याखाली वाळवावीत. त्या घरातल्यांना हे मी दोन दिवसांनी सांगू शकलो.

एवढे सगळे एका वहीत उतरवायला एक रविवार पुरतो. प्रत्येक पुस्तकामागे पाच नोंदी: नाव, छपाई आणि ती कशावरून ठरवली, आत काय आहे व काय नाही, दोषांची यादी, आणि शेवटच्या तीन पूर्ण झालेल्या विक्रींच्या रकमा तारखेसह. रकमा पेन्सिलीने लिहाव्यात, कारण त्या बदलतात. पुस्तकात मात्र पेन्सिलीनेही काही लिहू नये. वहीच्या पानांची छायाचित्रे काढून शहराबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावीत. विम्याचा दावा करताना पुस्तके पाण्यात गेलेली असतात आणि बहुधा वहीही त्याच कपाटात असते.